बिनदाण्याचं घर

आईने बांधून दिलेली दाण्याची चटणी मी बडोद्यात पाय ठेवल्या दिवशीच गमावली. कारेलीबागेतल्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने मिळते असं कळलं होतं, म्हणून स्टेशनवरून रिक्षा थेट तिथेच नेली. फाटकाशी मालक उभे होते. उंच, वाळके, पांढऱ्या शर्टाला दोन खिसे आणि दोन्ही फुगलेले. नाव, गाव, नोकरी यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. माझ्या पिशवीपाशी वाकले, नाक फुलवलं आणि म्हणाले, "दाणे आहेत."

"चटणी आहे. साताऱ्याहून आणलीय."

"तू आत. ती बाहेर."

डबा त्यांनी दोन बोटांत उचलला, कोपऱ्यावर भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, लावणाऱ्या बाईला देऊन टाकला, आणि परत येऊन फाटकाजवळच्या नळावर साबण लावून हात धुतले. मग बाजूला सरकून मला जागा करून दिली. "धू ने. नखांतून पण. मग भाड्याचं बोलू."

हे सोवळं असणार, असं मी धरून चालले. असल्या घरात आपण महिनाभरही टिकायचो नाही, असंही मनाशी म्हणाले. संध्याकाळी काकू चहा घेऊन वर आल्या तेव्हा मी जरा तिरकसपणेच विचारलं, "काकांचं सोवळं फार कडक दिसतंय." त्या हसल्या. "सोवळं कुठलं ग? रविवारी आमच्याकडे मटण शिजतं. आमच्या बेबीला दाणे चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे, तोंडात गेले तर जाईल ती."

बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याच वयाची, शेजारच्या गल्लीतल्या ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवायची. नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात आणि सोसायटीत ती बेबीच. तिच्यासाठी हे घर बिनदाण्याचं होतं. बिनदाण्याचे पोहे, बिनदाण्याची कोशिंबीर, कूट न घातलेली वांगी. मी मराठी माणसाच्या पोटी जन्मलेली, मला पहिले काही दिवस ते जेवण आजाऱ्याचं वाटायचं.

काका गोरव्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. जन्मभर यंत्राचे सुटे भाग हातात घेऊन "पास" नाहीतर "रिजेक्ट" म्हणायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी तेच काम जगावर सुरू केलं. बिस्किटाचा पुडा आला की चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचणार, पुडा हुंगणार, मग निकाल. शेजारच्या गुजराती बेन दिवाळीला मठिया घेऊन आल्या की त्यांना दारातच उभं करून तेल कुठलं, कढई कुठली, त्या कढईत आधी काय तळलं होतं, अशी उलटतपासणी. बेन बिचाऱ्या हसत उत्तरं द्यायच्या आणि परत जाताना मला म्हणायच्या, "काका थोडा गांडा छे, पण माणस सारा छे." वेडे पण माणूस चांगला, यातलं मला पहिलं अर्धंच पटायचं.

त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. दिवाणखान्यात एक तलवार टांगलेली होती, तिला दसऱ्याला झेंडू मिळायचा. काका तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आजोबांनी ती चालवली. माझ्या नशिबी सुई आली." ती सुई म्हणजे त्यांच्या उजव्या खिशातली स्टीलची साबणदाणी. आत कापसावर ॲड्रिनॅलिनच्या काचेच्या बाटल्या आणि सिरिंज. बडोद्याच्या उन्हात औषध खराब होईल म्हणून बाहेर जाताना साबणदाणी ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि रोज उघडून, औषधाचा रंग बदलला नाही ना, हे खिडकीच्या उजेडात धरून बघायचं. अशीच एक बेबीच्या पर्समध्ये. डाव्या खिशात मोसंबी.

मोसंबीचं कोडं मला पहिल्याच आठवड्यात उलगडलं. काकांनी मला खाली बोलावलं, समोर सिरिंज ठेवली, पाण्याने भरलेली बाटली ठेवली आणि मोसंबी हातात दिली. "या घरात जो राहतो त्याला हे यायला पाहिजे. बाटलीची मान मोड. औषध ओढ. हवा काढ. आता टोच."

"काका, मला सुईची भीती वाटते."

"मोसंबीला वाटत नाही. टोच."

मी टोचली. त्यांनी मान हलवली. रिजेक्ट. परत. असं करत करत मी पास झाले तेव्हा टेबलावर मोसंब्यांचा चिखल झाला होता. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवून जागा दाखवली. बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सरळ आत. कपडे असले तर कपड्यावरून. नंतर तिला आडवी ठेवायची, पाय उंच, उभी करायची नाही, आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. "सुई आधी, गोळी नंतर, रडणं सगळ्यात शेवटी. म्हण."

मी म्हटलं. सोसायटीच्या वॉचमनपासून क्लासच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी ते कधी ना कधी म्हटलेलं होतं.

हा आजार त्यांनी मला एकदा समजावून सांगितला, तोही फौजेच्या भाषेत. "बघ, प्रत्येकाच्या अंगात पहारेकरी असतात. बेबीचे पहारेकरी ठीक आहेत, फक्त दाणा दिसला की त्यांचं डोकं फिरतं. चोर समजून ते घरालाच आग लावतात. चोर केवढा आहे ते बघत नाहीत. समजली? म्हणून थोडंसं म्हणायचं नाही."

'थोडंसं' हा त्यांचा वैरी. कुणी म्हणालं की थोड्याने काय होतं, की त्यांचा आवाज चढायचा. "थोडंसं म्हणजे किती? दाखव. बोटावर घेऊन दाखव." यामागे एक जुनी जखम होती, ती काकूंनी सांगितली. बेबी लहान असताना काकांची सख्खी बहीण राहायला आली होती. पोरीचे नखरे चालवून घेता म्हणून सवय होत नाही, असं तिचं मत. तिने कोशिंबिरीत गुपचूप चिमूटभर कूट घातलं. पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात नेईपर्यंत ती निळी पडली होती. वाचली. त्या आधी दिवसभर बहीण आणि काकू दोघी काकांना म्हणत होत्या, इतकं काय घाबरता, जरा आमचं ऐका. "तेव्हापासून हे कुणाचंच ऐकत नाहीत," काकू म्हणाल्या. काकाही ते बिरुदासारखं मिरवायचे. डॉक्टर, नातेवाईक, बस कंडक्टर, कुणाशीही वाद झाला की शेवटचं वाक्य ठरलेलं, "मी कुणाचं ऐकत नसतो."

त्यांच्याबरोबर लग्नाला जाणं म्हणजे तर शिक्षा. काकांच्या जुन्या सोबत्याच्या मुलाचं लग्न होतं, मलाही नेलं. काका नवरदेवाला न भेटता थेट रसोड्यात. धोतर खोचलेला महाराज पातेल्यात झारा फिरवत होता.

"महाराज, आमां शिंग छे?" काकांनी विचारलं. शिंग म्हणजे दाणे.

"ना काका, ग्रेव्हीमां थोडुंक ज छे."

"थोडुंक एटले केटलुं?"

महाराजाने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तेल कयुं?" काकांचा पुढचा प्रश्न. "शिंगतेल, काका. बीजुं कयुं होय?" काका एकेका पातेल्यापाशी थांबून रिजेक्ट, रिजेक्ट करत बाहेर आले. बेबी पैठणी नेसून वधूच्या खोलीत कोपऱ्यात बसली आणि घरून आणलेला भेंडी-पोळीचा डबा उघडला. कुणीतरी विचारलं, "डाएट का?" ती म्हणाली, "हो." तिला मी कधी चिडलेलं पाहिलं नाही, पण त्या दिवशी परत येताना स्कूटरवर मागे बसून ती मला म्हणाली, "दाण्यांनी मरेन असं मला कधी वाटत नाही. लाजेने मरेन."

ऐकून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

तिच्या लग्नाचं म्हणजे तर वेगळंच नाटक. काकूंचं म्हणणं, आधी मुलगी पसंत पडू दे, मग सांगू. काकांचं म्हणणं, आधी दाणे. पाहुणे येऊन बसायचे, बेबी पोह्यांच्या बश्या घेऊन यायची, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत काका घसा साफ करायचे. "या पोह्यांत दाणे नाहीत. का नाहीत ते विचारा." मग साबणदाणी, मग मोसंबी. एका मुलाच्या वडिलांनी तर मोसंबी सोलून खाल्ली. पाहुणे हसतमुखाने जायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. बेबी बश्या विसळत म्हणायची, "बाबा, निदान त्यांना पोहे तरी संपवू देत जा." आपल्यामुळे मुलगी घरात राहतेय हे काकांना कळत नव्हतं असं नाही. स्थळ फिरलं की ते दोन दिवस गच्चीवर जाऊन बसायचे. पण पुढच्या पाहुण्यांना पुन्हा तेच भाषण. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि त्यांच्याइतकं कुणी आपल्यासाठी लाज सोडेल का, असाही विचार यायचा.

अखेर बडोद्यातल्याच समा भागातलं स्थळ आलं. मुलगा शांत, इंजिनियर. त्याची आई विधवा, ठेंगणी, बोलायला गोड. तिने भाषण पूर्ण ऐकलं, मोसंबी हातात घेतली आणि पहिल्याच झटक्यात बरोबर टोचली. "मुलीसाठी दाणे सोडणं म्हणजे काय मोठं?" ती म्हणाली. "आमच्याकडे सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं असतं. मटणाचा चमचा मी उपासाच्या भांड्याला लागू देत नाही. माझ्या सासूबाईंनी तो चमचा फेकून दिला असता. लागणं म्हणजे काय ते मला नका शिकवू."

काकांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी त्यांचं म्हणणं वाद न घालता समजलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुम्ही पास."

तरी लग्नाआधी रसोडं तपासायला ते गेलेच. बेबी, काकू, मी, सगळ्या बरोबर. विहीणबाईंनी स्वतःच डबे काढून मांडले होते. दाण्याचा डबा घासून उन्हात पालथा घातलेला. तेल बदललेलं. मिक्सरचं भांडं नवं. काका एकेक झाकण उघडून हुंगत होते, "पास" म्हणत होते, आणि बेबीच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मी ते पुन्हा पाहिलं नाही. देवघराजवळ भिंतीत एक छोटं फडताळ होतं, त्याला धुतलेला पडदा. काकांनी तिकडे हात केला.

"ते उपासाचं," विहीणबाई म्हणाल्या. "मटणाच्या घरात शिवाशीव नको म्हणून वेगळं ठेवलंय. आंघोळ केल्याशिवाय मीसुद्धा हात लावत नाही."

"मग मी आंघोळ करतो. टॉवेल द्या."

ते थट्टा करत नव्हते. शर्टाचं वरचं बटण काढलंही होतं. विहीणबाई गोंधळल्या, नवरा मुलगा खाली बघायला लागला. बेबी पुढे झाली, काकांच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, पुरे."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग बटण लावलं. "बरं. पास," ते म्हणाले.

लग्न झालं. बेबी समाला गेली आणि दर रविवारी स्कूटरवरून यायची, जरा भरलेली, गालांवर रंग आलेला. सासूचं कौतुक करायची. सासू बाजारातून शेवसुद्धा आणत नव्हती, घरी पाडत होती. काकांनी साबणदाणी खिशातून काढून कपाटात ठेवली नाही, पण मोसंबी मात्र खायला लागले.

महाशिवरात्रीला बेबीने उपास धरला. तिचं देवाधर्माचं फार नव्हतं. सासूबाईंना बरं वाटेल म्हणून, एवढंच. इतके दिवस उपासाच्या वाट्याला ती गेली नव्हती. सासूबाई इतक्या खुश झाल्या की पहाटेच उठून तिच्यासाठी वेगळा रताळ्याचा कीस केला. स्वतःच्या साबुदाण्यात कूट होतं, बेबीच्या किसात नव्हतं. बेबीने विचारलंही, "दाणे नाहीत ना?" "छे ग, तुझं वेगळं काढलंय. घातलेच नाहीत." आणि खरोखरच घातले नव्हते. फडताळातल्या कढईत केला, फडताळातल्या तुपाच्या डब्यातलं तूप सोडलं. त्या तुपात वर्षानुवर्षं कुटाचा चमचा बुडत होता. दाणे स्वैपाकघरातून गेले होते. उपासाचं होतं ते देवाचं, ते विहीणबाईंच्या हिशेबात स्वैपाकघरच नव्हतं. मटणापासून इतकं जपलेलं तूप वाईट असेल हे जन्मात कुणी त्यांना सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

बेबीच्या पोटात कळ आली, उलटी झाली. दाणे तर नव्हतेच, मग उपासाचं पित्त, असं दोघींनाही वाटलं. सासूबाईंनी थंड दूध दिलं, पाठीवर हात फिरवला, जरा पड म्हणाल्या. अंगावर गांधी उठल्या आणि आवाज बसला तेव्हा त्या उठल्या, पर्समधली साबणदाणी काढली, बाटलीची मान मोडली आणि सुई टोचली. बरोबर जागी, बरोबर तशीच. पण तोवर बेबी बाथरूमपाशी उठून गेली होती आणि तिथेच कोसळली होती.

काका, काकू आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा काका हातात साबणदाणी घेऊन आत धावले. डॉक्टरांनी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली.

सगळ्यांना वाटलं आता हा माणूस समाला जाऊन त्या बाईचा गळा धरणार. काकांच्या बहिणीने तर तसं सुचवलंसुद्धा. काका गेले नाहीत. दिवस झाले, माणसं पांगली. त्यांनी घरातला एकही नियम बदलला नाही. कुणीतरी शिळोप्याच्या गप्पांत काकूंना म्हणालं, आता दाणे आणायला काय हरकत आहे, तेव्हा काकू उठून आत गेल्या आणि काकांनी त्या माणसाला फाटकापर्यंत पोचवलं.

मग एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. पांढरा शर्ट, ओले केस, कपाळ स्वच्छ. "स्कूटर काढतेस? समाला जायचंय."

विहीणबाईंनी दार उघडलं. त्या अर्ध्या झाल्या होत्या. काकांना बघून त्यांनी भिंतीचा आधार घेतला. काका चपला काढून म्हणाले, "आंघोळ करून आलोय, वहिनी. एक फडताळ राहिलं होतं."

विहीणबाईंनी पडदा बाजूला केला. त्या दिवसापासून तिथे कुणी हात लावला नव्हता. काकांनी कढई उचलली, हुंगली, ठेवली. झारा हुंगला. मग तुपाचा डबा उघडला, नाकाशी नेला आणि तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं आता डबा फेकतील.

"मी दाणे घातले नव्हते हो," विहीणबाई म्हणाल्या. "तिची शपथ, घातले नव्हते."

"नव्हतेच घातले." काकांनी झाकण लावलं. "आणि सुई तुम्ही बरोबर टोचलीत. मी डॉक्टरांना विचारलंय. तुम्ही पास आहात, वहिनी."

त्या जमिनीवर बसून रडायला लागल्या. काकांनी पडदा सारखा केला, चपला घातल्या आणि बाहेर आले.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून ते माझ्या कानाशी बोलले. गाड्यांच्या आवाजातही मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"एक बादली पाणी लागलं असतं त्या दिवशी. आंघोळ करून बघितलं असतं ने, तर सापडलं असतं. मला वास आलाच असता." मग थोड्या वेळाने, "ती म्हणाली, बाबा, पुरे. आणि मी ऐकलं. जन्मात एकदाच कुणाचं ऐकलं मी."

घरी आल्यावर त्यांनी फाटकाजवळच्या नळावर साबणाने हात धुतले, नखांतूनसुद्धा. ते तूप बोटाला लागलेलं असेल म्हणून. आत आता कुणाला काही होणार नव्हतं. तरी ते बाजूला सरकले, मला जागा करून दिली, आणि मीही धुतले.